एका ग्रॅमची गोष्ट: नाशिकची द्राक्षं आणि २०१०

आजची गोष्ट फार जुनी नाही, २०१० सालची आहे.

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत... या पट्ट्यातून द्राक्षांचे कंटेनर युरोपला गेले होते. बागांची नोंद ‘ग्रेपनेट’वर, नमुने लॅबमध्ये तपासलेले, रिपोर्ट ओके. तरी युरोपातल्या लॅबनी तीच द्राक्षं तपासली आणि सांगितलं, यात क्लोरमेक्वाट क्लोराइड आहे. माल अडकला आणि त्याबरोबर शेतकऱ्यांचा वर्षभराचा पैसाही.

मग खोटं कोण बोललं? गंमत म्हणजे, कुणीच नाही!

क्लोरमेक्वाट म्हणजे आपल्या शेतकऱ्यांचं ‘सीसीसी’. हे कीटकनाशक नाही, संजीवक आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेल नुसती पानांत वाढू नये, काडीत घड तयार व्हावा म्हणून ते मारतात. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हिशोब करून बघा: २० टन द्राक्षांत मिळून फक्त १ ग्रॅम!

इतकं कमी सापडतं कसं? त्यासाठी शंभर वर्षं मागे जाऊ. मिखाईल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वॉर्सामध्ये काम करत होता. त्याने काचेच्या नळीत खडूची पूड भरली आणि वरून पानांचा अर्क ओतला. अर्क खाली उतरताना रंग वेगळे झाले, हिरवे आणि पिवळे पट्टे दिसायला लागले. मिश्रणातला प्रत्येक पदार्थ आपापल्या वेगाने पुढे सरकला. १९०६ मध्ये त्याने या पद्धतीला नाव दिलं, क्रोमॅटोग्राफी.

आजच्या मशीनमध्येही आधी हेच होतं. मग वेगळे झालेले रेणू वजनावरून ओळखतात. सीसीसीचा रेणू १२२ वजनाचा, तो फोडला की ५८ चा तुकडा निघतो. हीच त्याची ओळख.

पण इथेच खरी मेख आहे. मशीनला आधी सांगावं लागतं की कुणाला शोधायचंय. २०१० मध्ये निर्यातीआधी तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हतंच. त्यात आणखी एक अडचण. एकाच वेळी अनेक औषधांचे अंश तपासायचे, तर द्राक्षांचा अर्क इथाइल ॲसिटेटसारख्या द्रावकात काढतात. सीसीसी पडलं मिठासारखं. मीठ तेलात विरघळत नाही ना, तसं तेही त्या अर्कात नीट उतरत नाही. त्यासाठी मिथेनॉल-पाण्याची वेगळी पद्धत लागते.

म्हणजे आपला रिपोर्ट खरा होता. फक्त तो ‘यात काय काय आहे?’ याचं उत्तर नव्हता. ‘यादीतलं काही आहे का?’ याचं उत्तर होता. या दोन प्रश्नांमधल्या फरकाची किंमत बागायतदारांनी मोजली.

पुढे सीसीसी यादीत आलं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथल्या राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली ही तपासणी होऊ लागली.

तेव्हा दुधाचा असो, पाण्याचा असो किंवा स्वतःच्या रक्ताचा, हातात रिपोर्ट आला की ‘नॉर्मल’ वाचून थांबू नका. काय काय तपासलंय, ती यादीही बघा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, ऐकत राहा!