पिशवीवरचा ‘टोन्ड’ कुठून आला?

आमच्या गावाकडे कुणी ‘टोन्ड’ म्हणत नाही. ‘पिशवीचं दूध’ म्हणतात, आणि म्हणताना तोंड जरा वाकडं होतं. माझी आजी तर सरळ ‘पाणी’ म्हणते. पुण्यात फ्लॅटवर आम्ही तिघं राहतो. एकाला जाड साय हवी, दुसरा जिमला जातो म्हणून त्याला डबल टोन्ड हवं आणि मला चहापुरतं कुठलंही चालतं. तिघांच्या मतांमागे एकच समज आहे: फॅट जास्त ते खरं दूध, कमी ते पातळ केलेलं. ही समज किती खरी हे शोधायला गेलो आणि एकदम १९४०च्या दशकातल्या मुंबईत पोचलो.

आधी पिशवीवरचे आकडे बघू. आपल्याकडच्या नियमांनुसार फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट लागतं, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये १.५ टक्के. दुसरा आकडा असतो एसएनएफचा, म्हणजे पाणी आणि फॅट वगळून उरणारं सगळं: प्रथिनं, दुधातली साखर, कॅल्शियमसारखे क्षार. हा आकडा चारही प्रकारांत ८.५ ते ९ टक्के असतो. फॅट चौपट बदलतं, बाकीचं जवळपास तेवढंच राहतं. टोन्डची सगळी गोष्ट या दुसऱ्या आकड्यात आहे.

त्या काळच्या मुंबईत दूध यायचं ते शहरातल्याच तबेल्यांमधून. दाटीवाटीच्या वस्तीत म्हशी बांधलेल्या असायच्या. चारा बाहेरून आणायचा आणि दूध आटलं की अनेक म्हशींची रवानगी कत्तलखान्यात व्हायची. दूध महाग, अपुरं आणि त्यात सर्रास पाणी. मुंबई राज्याचे मिल्क कमिशनर दारा खुरोडी यांच्यासमोर हा प्रश्न होता. गोरेगावजवळ आरे कॉलनी वसवून शहरातल्या म्हशी तिकडे हलवणं हा त्यांच्या उत्तराचा एक भाग होता. दुसरा भाग होता टोन्ड दूध. १९४६च्या सुमारास ते मुंबईत विकायला आलं आणि त्याला हे नाव देण्याचं श्रेयही खुरोडींकडेच जातं.

कल्पना साध्या गणिताची आहे. समजा, म्हशीच्या १०० किलो दुधात ७ किलो फॅट आहे. ३ टक्क्यांचं दूध करायचं तर तेच ७ किलो फॅट सुमारे २३३ किलो दुधाला पुरतं. पण नुसतं पाणी वाढवलं तर प्रथिनंही पातळ होतील. म्हणून पाण्याबरोबर साधारण ११ किलो स्किम्ड दुधाची पावडर घालायची. फॅट ३ टक्क्यांवर येतं, बाकीचं होतं तिथेच राहतं आणि एका म्हशीचं दूध दुपटीहून जास्त लोकांना पुरतं. भावही कमी. ज्या घरात म्हशीचं दूध परवडत नव्हतं, तिथल्या पोरांच्या पेल्यात यामुळे दूध पडू शकलं.

म्हणजे आजी म्हणते ते अर्धं बरोबर आहे. पाणी घातलेलं असतंच. पण तबेल्यातला पाणी घालायचा तो लपवून, आणि भाव पुऱ्या दुधाचा घ्यायचा. इथे पाणी जाहीर केलेलं आहे, त्यातून आलेली प्रथिनांची घट भरून काढली आहे आणि पैसे कमी घेतले आहेत. भेसळ आणि टोनिंग यांतला फरक मला एवढाच दिसतो, आणि तो लहान नाही.

अडचण पावडरची होती. सुरुवातीला ती परदेशातून यायची. मुंबईला दूध पुरवणाऱ्या गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातले शेतकरी तेव्हा वेगळीच लढाई लढत होते. मुंबईला दूध पाठवायचा मक्ता पोल्सन कंपनीकडे होता आणि शेतकऱ्यांच्या हाती फार थोडं पडायचं. त्यांनी दूध घालणं बंद केलं आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचा सहकारी संघ नोंदवला गेला. तोच पुढे अमूल झाला. त्यांच्यापुढे प्रश्न हिवाळ्याचा होता. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देतात आणि उन्हाळ्यात आटतात. जास्तीचं दूध टिकवायचं तर पावडर करायला हवी, पण म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ साली आणंदला तिचा कारखाना सुरू झाला.

आमच्या कामात याला बफर म्हणतात. आवक जास्त तेव्हा साठवायचं, कमी तेव्हा त्यातून द्यायचं. जानेवारीतलं दूध पावडर होऊन थांबतं आणि मे महिन्यात टोन्ड होऊन पिशवीत येतं. आयात पावडर घ्यायची की आणंदचं दूध, यावरून खुरोडी आणि व्हर्गिस कुरियन यांचे खटके उडाले. कुरियन यांनी आत्मचरित्रात त्याबद्दल लिहिलं आहे. गंमत म्हणजे १९६३चा मॅगसेसे पुरस्कार या दोघांना आणि त्रिभुवनदास पटेल यांना एकत्रच मिळाला. १९७० साली ऑपरेशन फ्लड सुरू झालं तेव्हा युरोपातून फुकट आलेली पावडर स्वस्तात ओतून इथल्या शेतकऱ्याचा भाव पाडला गेला नाही. तिचं दूध करून महानगरांत विकलं आणि त्या पैशातून गावोगावच्या दूध संस्था उभ्या केल्या.

या सगळ्याचं दुसरं टोक आमच्या गावच्या डेअरीत आहे. तिथे बाबा दूध घालतात आणि मशीनवर ‘फॅट किती लागली’ ते बघतात. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर ठरतो. दूध आंदोलनाच्या बातम्यांत हेच आकडे असतात. म्हणजे ज्या गाईच्या दुधाला आपण अस्सल म्हणतो, त्यात आणि टोन्डमध्ये फॅटचा फरक अर्ध्या टक्क्याचा आहे. आजीला हे सांगितलं. तिचं म्हणणं, ‘‘मग गाईचंच आण.’’

निवडायचं कसं, तर कामावरून. दही, खीर, तूप करायचं असेल तर फुल क्रीम घ्या. दही घट्ट लागतं आणि साय साठते. रोजच्या चहाला आणि प्यायला टोन्ड पुरतं. पावशेर दुधात फुल क्रीममधून सुमारे १५ ग्रॅम फॅट जातं, टोन्डमधून साडेसात. प्रथिनं जवळपास तेवढीच मिळतात. ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलं असेल तर साय कमी येणार, कारण फॅटचे थेंब बारीक फोडलेले असतात. दूध कमी कसाचं आहे म्हणून नव्हे. पिशव्यांचे रंग कंपनीगणिक बदलतात, तेव्हा रंगावर न जाता आकडे वाचा.

आमच्या फ्लॅटवर आता दोन पिशव्या येतात, विरजणाला एक आणि चहाला एक. जिमवाला अजून डबल टोन्डवर अडून आहे.