साफ करणं आणि पुसून टाकणं

दिवाळीच्या आधी घरातली तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासायचं काम आम्हा मुलांकडे असे. एका वर्षी त्या उत्साहात मी आजोबांच्या डबीतली शिवराईही घासली. काळपट हिरवं नाणं लालभडक झालं आणि मला शाबासकी मिळाली. पुढे कॉलेजात असताना ते एका नाणेसंग्राहकांना दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरलं, परत माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "आता हे नुसतं तांबं आहे." इतक्या वर्षांत नाण्यावर चढलेला थर आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडा मी एका दुपारी काढून टाकल्या होत्या.

गेल्या पावसाळ्यात ही आठवण पुन्हा वर आली. माझी मामी न्यू जर्सीहून कायमची पुण्याला परतली. तिच्या सामानात करड्या रंगाचं एक खोकं होतं. 'निन्टेन्डो एन्टरटेनमेन्ट सिस्टीम' हा व्हिडिओ गेम मामानं १९८८ मध्ये माझ्या मामेभावासाठी घेतला होता. आज मामा नाहीत आणि मामेभाऊही नाही. मामी म्हणाली, "तुला जुनी यंत्रं दुरुस्त करायचं वेड आहे ना? मग हे स्वच्छ करून दे. चालू होतंय का बघ. किती कळकट झालंय!"

काम एका रविवारचं होतं. पण करायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की या खोक्याचा इतिहास कळल्याशिवाय त्याला हात लावणं म्हणजे पुन्हा चिंच भिजत घालण्यासारखं आहे.

*

हे यंत्र मुळात जपानचं. निन्टेन्डोनं १५ जुलै १९८३ रोजी तिथे 'फॅमिली कॉम्प्युटर' म्हणजे 'फॅमिकॉम' बाजारात आणला. किंमत होती १४,८०० येन. त्याचा आराखडा करणाऱ्या चमूचे प्रमुख मासायुकी उएमुरा. हे गृहस्थ निवृत्तीनंतर क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात व्हिडिओ गेमच्या अभ्यासाचं केंद्र चालवत होते. २०२१ मध्ये ते वारले. पांढऱ्या-तांबड्या फॅमिकॉममध्ये खेळाची कॅसेट वरून खोचायची असे. सुरुवातीच्या यंत्रांवर चौकोनी रबरी बटणं होती. ती झिजत आणि अडकत, म्हणून पुढे गोल आणि कडक प्लॅस्टिकची बटणं आली. आज कुणी 'सुधारणा' म्हणून चौकोनी बटणं काढून गोल बसवली, तर यंत्र जास्त चांगलं चालेल. पण ते यंत्र कोणत्या काळातलं हे सांगणारी खूणच नाहीशी होईल.

अमेरिकेत मात्र १९८३ हे व्हिडिओ गेमच्या धंद्याचं पडतीचं वर्ष होतं. दुकानदार 'व्हिडिओ गेम' हा शब्दही ऐकायला तयार नव्हते. म्हणून १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विक्री सुरू करताना निन्टेन्डोनं वेषांतर केलं. खोकं करडं आणि चौकोनी झालं, दिसायला व्हीसीआरसारखं. कॅसेट समोरचं झाकण उघडून आडवी सरकवायची आणि खाली दाबायची. दुकानदारांची मनं वळवण्यासाठी घेतलेल्या या एका निर्णयानं पुढच्या सगळ्या दुरुस्तीवाल्यांना काम दिलं. कॅसेटचं सर्किट बोर्ड ज्या ७२ पिनांच्या सांध्यात बसतं, त्या पिना दर वेळी दाबल्या जाऊन वाकत. त्यात हे यंत्र नकली कॅसेट ओळखण्यासाठी एक पहारेकरी चिप बाळगून होतं. सांधा नीट जुळला नाही, की कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिचं बोलणं तुटे आणि ती यंत्राला पुन्हा पुन्हा सुरुवातीला नेई. समोरचा लाल दिवा सेकंदासेकंदाला लुकलुकत राही.

त्यावर जगभरच्या मुलांनी एकच उपाय शोधला. कॅसेट काढायची, तोंडाशी धरायची आणि जोरात फुंकर मारायची.

*

हा उपाय आपल्याकडेही होता, आणि ते विशेष आहे. कारण आपल्याकडे बहुतेकांच्या घरी निन्टेन्डो नव्हताच. १९९० च्या दशकात भारतीय बाजारात आल्या त्या फॅमिकॉमच्या नकला. त्यांत कॅसेट वरूनच खोचली जाई आणि लुकलुकायला लावणारी ती पहारेकरी चिपही नसे. तरीही मारिओ किंवा कॉन्ट्रा सुरू झाला नाही, की आमच्या चाळीत पहिल्यांदा फुंकर, मग शर्टाच्या टोकानं पुसणं आणि शेवटी खोडरबर, असा क्रम ठरलेला होता. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

फुंकर मारल्यावर खेळ बहुतेक वेळा सुरू होई, हे खरं. पण त्याचं श्रेय फुंकरेचं नव्हतं. कॅसेट काढून परत खोचताना पिना पुन्हा नव्यानं घासल्या जात आणि सांधा जुळे. श्वासातली वाफ मात्र धातूवर बसून राही. निन्टेन्डोनंच फुंकर मारू नका, ओलाव्यानं पिना गंजतात, असं ग्राहकांना बजावलं होतं. आमच्या बालपणातला सगळ्यात भरवशाचा उपाय यंत्राला हळूहळू मारत होता. खोडरबरानं तर कॅसेटच्या कडेवरचा सोन्याचा पातळ मुलामा खरवडला जाई. काही जण आजही पितळेची पॉलिश वापरतात. तिच्यातही घासणारी पूड असते. त्यानं कड चकाकते ती उघड्या पडलेल्या तांब्यामुळे. माझ्या शिवराईसारखीच.

योग्य रीत कंटाळवाणी आहे. कान साफ करायच्या काडीवरचा कापूस ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायचा, कडेवरून एकाच दिशेनं फिरवायचा, काळा झाला की काडी बदलायची, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. कॅसेटच्या मागच्या सूचनेत अल्कोहोलनं साफ करू नका असं छापलेलं आहे. दुरुस्ती करणारे ते फक्त धातूच्या कडेसाठी वापरतात. प्लॅस्टिकला आणि चिठ्ठीला लागू देत नाहीत. मामेभावाच्या कॅसेटवर हा नियम का पाळायचा ते मला लगेच कळलं. सोनेरी कॅसेटच्या पाठीवर त्यानं निळ्या बॉलपेननं आपलं नाव लिहिलं होतं. बॉलपेनची शाई अल्कोहोलच्या एका थेंबात विरघळते. काडी त्या बाजूला वळण्याआधी मी ती खाली ठेवली आणि नाव असलेली बाजू झाकून घेतली.

विजेचं भान तर त्याआधी हवं. अमेरिकेतला हा निन्टेन्डो १२० व्होल्टचा, म्हणजे आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात थेट लावला तर त्याचा ॲडॉप्टर जळणार. मध्ये व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याचा ॲडॉप्टर ९ व्होल्टचा एसी प्रवाह देतो. जपानी फॅमिकॉमला मात्र डीसी लागतो. पिन बसते म्हणून एकाचा ॲडॉप्टर दुसऱ्याला लावून अनेकांनी जुनी यंत्रं एका क्षणात घालवली आहेत. सेगाच्या १९९० च्या 'गेम गिअर'चा धोका आणखी वेगळा. त्यातले छोटे कपॅसिटर कपाटात पडून राहिले तरी गळतात, आतला द्राव बोर्डाचं तांबं खातो, आणि आवाज आधी मंदावतो, मग पडदा. अशा यंत्राला न वापरता जपून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे.

*

मामीला खटकत होता तो पिवळेपणा. या खोक्यांचं एबीएस प्लॅस्टिक आगीत चटकन पेटू नये म्हणून त्यात ब्रोमीनची संयुगं मिसळत. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांमुळे ते कालांतरानं पिवळं पडतं. वरचं झाकण आणि खालचा भाग वेगवेगळ्या घाण्यांतले असतील तर एक पिवळा आणि एक तसाच करडा, असंही दिसतं.

२००८ च्या सुमारास जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींनी यावर 'रेट्रोब्राइट' नावाची युक्ती काढली: हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचं आणि अतिनील प्रकाशात ठेवायचं. केस रंगवायच्या दुकानात १२ टक्क्यांचं पेरॉक्साइड मलमाच्या रूपात मिळतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्याला शिवू नये. कातडी पांढरी पडून भाजते. मलम उन्हात वाळलं तर प्लॅस्टिकवर कायमचे ढगाळ पट्टे उठतात. सगळं नीट केलं तर खोकं दुकानातून आणल्यासारखं दिसतं. पण पिवळेपणा पुढे परत येऊ शकतो, अगदी अंधारात ठेवलेल्या खोक्यावरही. म्हणजे वय पुसलं जात नाही, फक्त काही काळ लपतं.

इथे मला न्यू मेक्सिकोमधलं अलामोगोर्डो आठवलं. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारी कंपनीनं न खपलेला माल ट्रकांनी नेऊन तिथल्या कचरा डेपोत पुरला आणि वर काँक्रीट ओतलं. तीसेक वर्षं ही गोष्ट दंतकथा म्हणून सांगितली जात होती. २६ एप्रिल २०१४ रोजी पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली तो खड्डा उकरला आणि सुमारे १,३०० कॅसेट बाहेर काढल्या. त्यातली 'ई.टी.'ची एक कॅसेट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. 'ई.टी.'च्या स्वच्छ कॅसेट जगात ढिगानं मिळतात. ही मोलाची ठरली ती ज्या मातीतून आली त्या मातीमुळे. ती घासून लख्ख केली असती तर संग्रहालयाच्या हाती ढिगातली आणखी एक उरली असती.

म्हणून जुन्या वस्तूला हात लावण्याआधी मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारतो: ही घाण आहे की हा पुरावा आहे? धूळ, झुरळांची अंडी, गंज, गळलेला कपॅसिटर ही घाण; ती राहिली तर वस्तूच खाईल. पिवळेपणा, झिजलेलं बटण, बॉलपेननं लिहिलेलं नाव हा पुरावा. तो काही खात नाही. मी खोक्याचे स्क्रू काढून वरचं कवच सौम्य साबणाच्या पाण्यानं धुतलं, दोन दिवस सावलीत वाळवलं, आणि पिवळं तसंच ठेवलं. मामीला शिवराईची गोष्ट सांगितली. ती एवढंच म्हणाली, "बरं."

*

खरी भीती कॅसेटच्या आत होती. ती कॅसेट 'द लेजंड ऑफ झेल्डा'ची. हा खेळ एका बैठकीत संपत नाही. जपानमध्ये १९८६ मध्ये तो चुंबकी डिस्कवर आला, म्हणून खेळाची नोंद डिस्कवरच ठेवता येई. १९८७ च्या अमेरिकन कॅसेटमध्ये त्यासाठी आठ किलोबाइटची स्मृती आणि तिला जागं ठेवणारा तीन व्होल्टचा एक बटण-सेल बसवला. खेळ स्वतः ज्या चिपवर आहे तो दगडावरचा शिलालेख. वीज असो वा नसो, तो राहतो. खेळाडूची नोंद मात्र पाटीवरच्या खडूसारखी, आणि पाटी धरून उभा आहे तो एक सेल. सेल संपला किंवा दुरुस्तीवाल्यानं तो सहज काढून नवा लावला, की पाटी कोरी. तक्रार करायलाही काही उरत नाही. खेळ उत्तम चालतो.

पस्तीस वर्षांहून जुना सेल जिवंत असणं अशक्य नाही. पण तो आज आहे म्हणून उद्या असेल असं नव्हे. सेल न बदलता ठेवला तर मूळ वस्तू शाबूत आणि नोंद एक दिवस जाणार. बदलला तर मूळ वस्तूला डाग लागणार. संग्रहालयांचा नियम असा, की हस्तक्षेप कमीत कमी हवा आणि शक्य तेवढा उलट फिरवता येईल असा हवा. त्या नियमानं पाहिलं तर रस्ता एकच होता. कडा साफ करून कॅसेट यंत्रात न घालता आधी संगणकाला जोडलेल्या वाचकयंत्रात घातली आणि त्या आठ किलोबाइटची नक्कल उतरवून दोन ठिकाणी ठेवली. मग खास पान्यानं कॅसेटचे स्क्रू काढून सेल मोजला. २.७ व्होल्ट होता.

मामीला फोन करून दोन्ही बाजू सांगितल्या. सेल काढल्या क्षणी त्यानं लिहिलेलं जाईल आणि नंतर मी जे परत भरेन ती नक्कल असेल, अक्षर न् अक्षर तीच असली तरी. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "घड्याळाचा सेल तो स्वतःच बदलायचा रे. बदल."

सेल बदलला, नोंद परत भरली. जुना सेल एका पाकिटात घालून, तारीख लिहून, खोक्यासोबत ठेवला. तोही पुरावाच.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी मामीकडे टीव्हीला जोडलं. दिवा लागला आणि लुकलुकला नाही. खेळ निवडायच्या पडद्यावर मामेभावाचं नाव आलं, शेजारी लाल बदामांची रांग, आणि नावाखाली एक आकडा: ५३.

"हे काय रे?" मामीनं विचारलं.

"खेळातला नायक किती वेळा मेला ते, मामी."

ती पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे चोपन्नाव्यांदाही खेळायला बसला होता," ती म्हणाली.

हा खेळ बंद करताना रीसेटचं बटण दाबून धरायचं आणि मग वीज घालवायची, नाहीतर नोंद बिघडू शकते, अशी सूचना पडद्यावरच येते. मी मामीचं बोट त्या बटणावर ठेवलं, आणि तिनं ते घट्ट दाबून धरल्यावर यंत्र बंद केलं.