हकिमांची नब्ज आणि चीनची ‘छी’

मराठी माणूस भेटला की विचारतो, ‘तब्येत कशी आहे?’ आपल्या घरातली वडीलधारी मंडळी ‘मिजाज कैसे हैं?’ असे विचारतात. हे दोन्ही शब्द हकिमांच्या दवाखान्यातून आपल्या बोलीत आले, याची आठवण आज फारशी कुणाला राहिलेली नाही. युनानी वैद्यकात ‘मिजाज’ म्हणजे शरीरातील उष्ण, थंड, ओल्या आणि कोरड्या गुणांचा मेळ. ‘तबियत’ म्हणजे हा मेळ बिघडला तर तो पुन्हा जुळवून आणणारी शरीराचीच अंगभूत शक्ती. जुने हकीम स्वतःला रोग बरा करणारे म्हणवत नसत, तबियतीचे मदतनीस म्हणवत.

शरीर म्हणजे एक तोल आणि आजार म्हणजे तो तोल जाणे, हा विचार केवळ युनानी वैद्यकाचा नाही. आपल्याकडच्या आयुर्वेदात तो आहे, तसाच चीनच्या वैद्यकातही आहे. चिनी विचाराशी मुसलमान विद्वानांची गाठ सातशे वर्षांपूर्वी पडली होती. त्या गाठीचा इतिहास आपल्या वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांला वाटते.

चिनी वैद्यकाचा मूळ शब्द आहे ‘छी’. मराठी कानाला हा उच्चार विचित्र वाटेल, पण त्यामागचे चित्र साधे आहे. हा शब्द ज्या अक्षराने लिहितात त्यात खाली तांदूळ आहे आणि वर वाफ. शिजणाऱ्या भातातून निघणारी वाफ, श्वास, वारा, शरीरात खेळणारे चैतन्य, हे सारे त्या एका शब्दात सामावले आहे. ही ‘छी’ शरीरातील ठरावीक मार्गांनी वाहते, असे चिनी वैद्य मानतात. ती मोकळी वाहिली तर माणूस निरोगी राहतो. कुठे अडली, कमी पडली किंवा साचली तर दुखणे उभे राहते. तिच्या जोडीला ‘यिन’ आणि ‘यांग’ हे दोन शब्द येतात. त्यांचा मूळ अर्थ डोंगराची सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू. डोंगर एकच, पण सूर्य फिरला की सावलीची जागा बदलते. तोल म्हणजे एकदा मोजून ठेवलेले वजन नव्हे, तो ऋतूगणिक आणि प्रहरागणिक बदलतो, असा हा विचार आहे.

ही विद्या एका दिवसात तयार झाली नाही. १९७३ साली चीनमधील मावांगदुई येथे इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झालेली एक कबर उकरली गेली. तिच्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर मिळाले. त्यांत शरीरातील मार्ग अकरा सांगितले आहेत. उपचार आहे तो डाग देण्याचा. सुयांचा त्यात उल्लेखच नाही. पुढे ‘हुआंगदी नेइजिंग’ या पायाभूत ग्रंथात मार्ग बारा झाले आणि त्यांची तुलना चीनमधल्या बारा नद्यांशी केली गेली. मार्गावरच्या बिंदूंना विहीर, झरा, ओढा, नदी, समुद्र अशी नावे मिळाली. ज्या देशात राज्य टिकायचे तर पूर आवरावा लागे आणि कालवे मोकळे ठेवावे लागत, त्या देशाने शरीरही पाण्याच्या भाषेत समजून घेतले. १०२७ च्या सुमारास सुंग दरबारातील वैद्य वांग वेइयी यांनी बिंदू दाखवणारा काशाचा मानवी पुतळा तयार करवला. त्यावर मेण चढवून आत पाणी भरत आणि विद्यार्थ्याची परीक्षा घेत, असे सांगतात. सुई नेमक्या छिद्रात गेली तर पाणी बाहेर येई आणि विद्यार्थी उत्तीर्ण होई.

आता आपल्या बाजूला येऊ. चीनची औषधे मुसलमानांच्या बाजारात फार लवकर आली. आपल्या मसाल्याच्या डब्यातली दालचिनी म्हणजे फारसीतली ‘दारचीनी’, चीनचे लाकूड. काष्ठौषधींच्या दुकानातली रेवंदचिनी आणि चोपचिनी यांच्या नावातही तोच देश दडला आहे. चोपचिनीवर तर गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात एक स्वतंत्र संवाद लिहिला. हे ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करीत असत. औषध असे हातोहात फिरते. त्याला दुभाषा लागत नाही. विचाराला मात्र लागतो.

विचारांची देवघेव व्हावी अशी ओढ दोन्हीकडे होती. दहाव्या शतकातील ‘अल्-फिहरिस्त’ या ग्रंथात एक हकीकत आहे. एक चिनी विद्वान बगदादला अबू बक्र अल्-राजी यांच्याकडे वर्षभर राहिला. पाच महिन्यांत तो अरबी शिकला. निघण्यापूर्वी त्याने जालिनूसचे ग्रंथ वाचून दाखवण्याची विनंती केली आणि आपल्या देशातील लघुलिपीत ते इतक्या झपाट्याने उतरवून घेतले की वाचणारे मागे पडले. हकीकत किती खरी आणि किती रंगवलेली, हा प्रश्न बाजूला ठेवू. बगदादच्या लोकांना ती सांगावीशी वाटली, हेच आम्हांला महत्त्वाचे वाटते.

उलट्या दिशेचे काम केले रशीदुद्दीन फजलुल्लाह यांनी. हमदानच्या एका ज्यू वैद्य घराण्यात १२४७ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. तिशीच्या आसपास त्यांनी इस्लाम स्वीकारला. इराणवर राज्य करणाऱ्या मोगल इलखानांचे ते प्रथम हकीम आणि पुढे वजीर झाले. ‘जामिउत्तवारीख’ हा जगाचा इतिहास त्यांच्या नावावर आहे. तब्रीजजवळ त्यांनी ‘रब्-ए-रशीदी’ नावाची वस्ती वसवली. मशीद, खानकाह, दवाखाना, शिक्षणाची सोय, ग्रंथांच्या नकला काढण्याची व्यवस्था, सारे तिथे होते. त्यासाठी त्यांनी १३०९ साली केलेला वक्फनामा आजही शाबूत आहे आणि २००७ साली युनेस्कोने त्याची जागतिक दस्तऐवजांत नोंद केली.

इराण आणि चीन या दोन्ही देशांत तेव्हा चंगेजखानाच्या वंशजांचे राज्य होते, त्यामुळे वाट खुली होती. ग्रीकांचे वैद्यक अरबीत येऊन चार-पाच शतके झाली होती, चीनचे मात्र आले नव्हते. रशीदुद्दीन यांनी एका तरुण विद्वानाला चिनी शिकायला बसवले आणि ‘तंक्सूकनामा’ हा फारसी ग्रंथ सिद्ध करवला. त्याची १३१३ सालची प्रत इस्तंबूलमध्ये आहे. मूळ बेत अनेक ग्रंथांचा होता, पण आज हाती आहे तो नाडीपरीक्षेवरचा पहिला भाग. तिसऱ्या शतकातील वैद्य वांग शूह यांच्या नावावर चालत आलेली, पण पुष्कळ नंतर रचली गेलेली पद्ये त्यात आहेत. चिनी शब्दांचे उच्चार फारसी अक्षरांत उतरवले आहेत, मग अर्थ आणि विवरण दिले आहे. अवयवांची चिनी धाटणीची चित्रेही आहेत.

या कामातली अडचण किती मोठी होती, ते एका मनगटावरून समजते. इब्न सीना यांच्या ‘कानून’प्रमाणे शिकलेला हकीम नब्ज धरतो तेव्हा तिचा विस्तार, ठोक्याचा जोर, गती, भिंतीचा मऊपणा अशी दहा प्रकारची लक्षणे पाहतो. त्यावरून त्याला हृदयाची आणि त्यातून निघणाऱ्या ‘रूह’ची स्थिती कळते. (ही वैद्यकातली रूह, म्हणजे एक सूक्ष्म वाफ, ईमानाच्या चर्चेतली रूह नव्हे.) चिनी वैद्य त्याच मनगटावर तीन बोटे ठेवतो. पण त्याच्या लेखी प्रत्येक बोटाखालची जागा वेगळ्या अवयवाची असते. उजव्या हातावर एक सांगणे, डाव्यावर दुसरे. हलक्या दाबाने एक, खोल दाबाने दुसरे. मनगट तेच, ठोका तोच, पण वाचन निराळे. रशीदुद्दीन स्वतः हकीम होते. ‘आमच्या कानूनमध्ये हे नाही’ असे म्हणून त्यांना हे सारे मोडीत काढता आले असते. त्यांनी आधी ते नीट लिहून घेतले.

या माणसाचा शेत फुलला तसा शेवट मात्र झाला नाही. सुलतान उल्जैतू १३१६ मध्ये वारला. हकिमानेच विष दिले, असा आरोप ठेवून १३१८ साली रशीदुद्दीन यांना ठार करण्यात आले. त्यापूर्वी त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलाला, इब्राहीमला मारले गेले. रब्-ए-रशीदी लुटली गेली. त्यांचे ज्यू मूळ उकरून काढून त्यांचा अपमान केला गेला. ऐंशी वर्षांनंतरही वैर शमले नव्हते: तैमूरचा मुलगा मीरानशाह याने त्यांची हाडे कबरीतून काढून ज्यूंच्या दफनभूमीत टाकवली. आयुष्यभर ज्याने परक्यांची विद्या आपली मानली, त्यालाच अखेर परका ठरवले गेले. ज्यांना आपल्याच मातीत पुन्हा पुन्हा मूळ विचारले जाते, त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

तिकडे चीनमध्येही देवघेव चालू होती. युआन राजवटीत मुसलमानी औषधांची सरकारी खाती होती. ‘हुईहुई याओफांग’ या छत्तीस भागांच्या औषधग्रंथाचे चार भाग आज उरले आहेत. त्यांत चिनी मजकुराच्या मधोमध अरबी-फारसी अक्षरांत औषधांची नावे दिसतात. नानजिंगचे आलीम ल्यू झी यांनी तर अठराव्या शतकाच्या आरंभी, खालिकच्या हुकमातून सृष्टी कशी उलगडत गेली हे चिनी मुसलमानांना समजावताना ‘छी’ हाच शब्द वापरला. परकी भाषा वापरल्याने त्यांचा ईमान पातळ झाला नाही.

मग ही ‘छी’ खरीच आहे का? वाचकांना हा प्रश्न पडणारच, आणि त्याला बगल देणे योग्य नाही. शरीर फाडून पाहणाऱ्यांना ते बारा मार्ग सापडलेले नाहीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण होते. शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना आराम पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. म्हणजे सुईने काही जणांना बरे वाटते, पण बिंदूंच्या नकाशाला त्यातून आधार मिळत नाही. दुसरीकडे, चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथात तापावर एक वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितली आहे. तेवढ्या सूचनेवरून शास्त्रज्ञ तू योयो यांना उष्णता टाळून अर्क काढण्याची वाट सुचली. त्यातून हिवतापावरचे आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. जुन्या ग्रंथातले काय टिकते, ते पारखल्यावरच कळते.

हीच कसोटी मिजाजला आणि चार अखलातांनाही लावली पाहिजे. आपल्या वारशाला सूट आणि चिन्यांच्या वारशाची थट्टा, असे दुटप्पी माप चालणार नाही. कुणाला मधुमेह वा कर्करोग असेल तर त्याने डॉक्टरकडेच जावे. ‘तोल साधून देतो’ म्हणणाऱ्याच्या भरवशावर दिवस घालवू नयेत. आणि इतिहास वाचणाऱ्याने या जुन्या विद्यांना निव्वळ अंधश्रद्धा म्हणून फेकून देऊ नये. आपल्या शरीरात काय चालले आहे, हे हाती साधने नसताना समजून घेण्याची ती माणसाची धडपड होती.

तब्रीजमधल्या त्या दवाखान्याचे आज अवशेष तेवढे उरले आहेत. ग्रंथाचा एक भाग वाचला, बाकीचे कुठे गेले ठाऊक नाही. पण एका मुसलमान वजिराने चिनी वैद्याचे म्हणणे त्याच्याच उच्चारांसह लिहून ठेवले, ही नोंद इस्तंबूलच्या ग्रंथालयात कायम आहे. पुढच्या वेळी कुणी ‘तब्येत कशी आहे?’ असे विचारले, तर आपण ‘ठीक आहे’ म्हणूच. त्या वेळी या वजिराची आठवण झाली तर आमचे लिहिणे कारणी लागले, असे आम्ही समजू.