दिनविशेष : ३ जून
कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचा आज जन्मदिन (१८९०, कोल्हापूर). आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव सुतारकामापासून मूर्तिकामापर्यंत सगळ्यात वाकबगार; मुलाचे शिक्षण घरच्या हत्यारांवरच झाले म्हणायचे. ‘पेंटर’ हे नाव नाटकांचे पडदे रंगवताना चिकटले. सिनेमाचे वेड नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांचे. स्वदेशी कॅमेरा बनवायची दोघांची खटपट चालू असतानाच, १९१६ मध्ये, आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने १९१८ मध्ये तो कॅमेरा चालता केला. त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० मध्ये पुण्याच्या ‘आर्यन’ चित्रपटगृहात झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले.