नाव न विचारणारी सभा

मुचकुंदीच्या मुखाशी वसलेल्या आमच्या पूर्णगडात घरातील व्यसन झाकून ठेवण्याची रीत जुनी आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हे संकट टळेल, अशी वडीलधाऱ्यांची आशा होती. परंतु कायद्याने दुकान बंद होते, तृष्णा नव्हे.

निराळा मार्ग १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी सापडला. एक शेअरदलाल व एक शल्यचिकित्सक, दोघेही मद्यासक्त, परस्परांशी मन मोकळे करून सावरले. त्यांतूनच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली व १९५७ साली भारतात आली. पुढे १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले.

या संघटनेच्या सभेस शुल्क नाही; दारू सोडण्याची इच्छा हीच एक अट. तेथे आडनाव वा कुळ कोणी पुसत नाही. आमची ही स्मरणिका आडनावांनीच भरलेली. तरीही आम्ही म्हणतो, अशा सभेची वाट धरणाऱ्याने कुळास बट्टा लावला नाही, कुळ राखिले. जवळच्या सभेची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी आणि पहिल्या दिवशी घरच्या कोणीतरी दारापर्यंत सोबत जावे, एवढीच ज्ञातिबांधवांस विनंती.