पीएसपी आणि पँडोरा बॅटरी

सोनीचा पीएसपी हा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल डिसेंबर २००४ मध्ये जपानात विक्रीला आला. त्याच्या पहिल्या १.०० फर्मवेअरवर, म्हणजे यंत्रातल्या मूळ सॉफ्टवेअरवर, परवानगी नसलेले प्रोग्रॅमही सहज चालत. ही वाट सोनीने पुढील आवृत्त्यांत बुजवली आणि हौशी प्रोग्रॅमरांनी नव्या फटी शोधल्या. २००६ मध्ये ‘डार्क अ‍ॅलेक्स’ या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरची कस्टम फर्मवेअर गाजू लागली.

फर्मवेअर बदलण्यातला धोका ते जिथे साठवले जाई त्या फ्लॅश मेमरीत होता. लिखाण अर्धवट राहिले, की यंत्र सुरूच होत नसे. बिघडलेला पीएसपी घरी दुरुस्त करणे २००७ पर्यंत जवळजवळ अशक्यच होते. त्या वर्षी पँडोरा बॅटरी आली. बॅटरीतल्या चिपवरचा अनुक्रमांक बदलून सगळे षोडशमान अंक एफ केले, की पीएसपी दुरुस्ती केंद्रासाठी राखलेल्या सर्व्हिस मोडमध्ये जाई आणि आतली फ्लॅश सोडून मेमरी स्टिकवरून सुरू होई. कुलपाची किल्ली सोनीनेच बॅटरीत ठेवली होती, म्हणायचे! काही जण तर बॅटरी उघडून चिपची एक पिन उचलत. तेवढ्यानेही काम भागे.

२००८ मध्ये पीएसपी-२००० च्या शेवटच्या मदरबोर्डांत आणि पीएसपी-३००० मध्ये सोनीने सुरुवातीचा बूट कोड बदलला. त्या यंत्रांवर ही बॅटरी निरुपयोगी ठरली.