लंकेपर्यंत चालत

बनारसमध्ये हिंदू विश्वविद्यालयाच्या दारासमोरच्या वस्तीला लंका म्हणतात. तुळसीदासांच्या नावाने चालत आलेल्या रामलीलेची लंका तिथे मांडली जाई, म्हणून हे नाव. खऱ्या जागांना लीलेतली ठिकाणं मानण्याच्या या सवयीची पूर्ण वाढ झाली ती गंगेपलीकडे, रामनगरात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीनरेश उदित नारायण सिंह यांनी अख्खं गावच रंगभूमीला देऊन टाकलं. अयोध्या एका टोकाला, जनकपूर दुसरीकडे, लंका गावाबाहेरच्या मैदानात. पुढे ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांच्या काळात संवाद बांधले गेले. त्यात भारतेंदु हरिश्चंद्रांचाही हात होता असं मानतात.

लीला ३१ दिवस चालते आणि प्रसंग बदलला की जागा बदलते. आपल्या नाटक कंपन्या दौऱ्यावर निघत. इथे दौरा प्रेक्षकांचा. रोज येणारे ‘नेमी’ तुळसीदासांच्या रामचरितमानसाची पोथी काखेत घेऊन पुढच्या ठिकाणाकडे चालू लागतात. रामाच्या वरातीत तेच वऱ्हाडी, राज्याभिषेकाला तेच अयोध्येची प्रजा.

मग नटाने करायचं काय? आपण ज्याला अभिनय म्हणतो, तो इथे जवळजवळ नाहीच. राम, सीता आणि रामाचे भाऊ होतात ती आवाज न फुटलेली ब्राह्मण मुलं. त्यांना ‘स्वरूप’ म्हणतात. ‘व्यास’ म्हणवणारे सूत्रधार शेजारी संवादांची वही घेऊन उघडपणे उभे राहून ओळी सांगतात. वही लपवण्याची कोणाला गरज वाटत नाही. ‘रामायणी’ म्हणवणारे गायक मानसातल्या चौपाया गातात, व्यास गर्दीला गप्प करतात, मग मुलगा संथ, उंच सुरात बोलतो. ध्वनिक्षेपक नाही, विजेचे दिवे नाहीत. त्यामुळे मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचतोच असं नाही, पण मुकुट दिसतो. तो चढवला की मुलाला खांद्यावरून नेतात. म्हणजे हजारो लोक पायी आणि नट खांद्यावर! या जागी, या वेळी ठरल्याप्रमाणे दिसणं हेच त्याचं मोठं काम, आणि माझ्या मते ते भाव दाखवण्यापेक्षा अवघड आहे: तासन्‌तास स्थिर बसायचं असतं.

रावणाचं काम मात्र मोठी माणसं करतात, तेही पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यातली. हत्तीवरून लीला पाहणारे काशीनरेशही लीलेतल्या भूमिकेतून सुटलेले नाहीत. दसऱ्याला ते येतात, पण एका राजाने दुसऱ्याचा वध पाहू नये म्हणून रावण पडण्याआधी निघून जातात.